नावं शाबूत

वडिलांच्या रोजनिशा एकूण सव्वीस. १९६८ ते १९९३, वर्षाला एक, पानाला एक दिवस. काही पानं गच्च भरलेली, काहींवर एकच ओळ, कितीतरी कोरी. स्कॅन करताना मी कोरी पानंही सोडली नाहीत. त्या दिवशी त्यांना काही लिहावंसं वाटलं नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे, असं मला वाटत होतं. सव्वीस वर्षांचे दिवस मोजले, त्यात सात लीप वर्षं धरली, की ९,४९७ होतात. तेवढ्याच फाइली झाल्या. या कामात माझे सात महिने गेले.

स्कॅनरने त्यांना नावं दिली ती स्कॅनर देतो तशी. स्कॅन १, स्कॅन २, स्कॅन ३, आणि प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये पुन्हा एकपासून. पानं जोडून एकेका वर्षाचं पुस्तक करायला घेतलं, तेव्हा पहिल्याच पुस्तकात १ जानेवारीनंतर १० जानेवारी आली, मग थेट ९ एप्रिल. ती जोडणी करणारा प्रोग्राम आकडे आकडे म्हणून वाचत नव्हता, अक्षरं म्हणून वाचत होता. शब्दकोशात ‘अ’ने सुरू होणारे सगळे शब्द आधी येतात, तसे त्याच्या लेखी १ ने सुरू होणारे सगळे आकडे आधी. त्याला उपाय साधा असतो. १ च्या जागी ००१ लिहायचं. पण तो ९,४९७ वेळा करायचा असतो.

मला फक्त शून्यं लावायची नव्हती. मला प्रत्येक पानाला त्याची तारीख हवी होती. वर्ष, महिना, दिवस, याच क्रमाने. १९८८ साली आयएसओ ८६०१ या मानकाने तारखेची ही मांडणी ठरवून दिली. तिचा मोठा गुण असा, की अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी तारखा काळाच्याच क्रमाने येतात. संगणकाला कॅलेंडर समजण्याची गरजच उरत नाही. १९७२-०३-०१ हे नाव पाहिलं की मला फाइल न उघडता कळतं, की आपण वडिलांच्या कुठल्या दिवसासमोर उभे आहोत.

इथे लीप वर्षांनी मला अडवलं. वर्षातलं साठावं पान एरवी १ मार्चचं असतं. लीप वर्षात ते २९ फेब्रुवारीचं. मी पहिल्यांदा सगळ्या वर्षांना एकच सूत्र लावलं आणि सात वर्षांचे मार्चपासूनचे सगळे दिवस एकेक घर पुढे सरकले. पानावर ‘१४ ऑगस्ट’ छापलेलं आणि फाइलीचं नाव १५ ऑगस्ट. हे लक्षात यायला मला दोन आठवडे लागले. कुठल्याही यंत्राने ते सांगितलं नाही. आईच्या वाढदिवसाचं पान मी मुद्दाम उघडून पाहिलं, म्हणून कळलं.

तेव्हापासून एकगठ्ठा नावं बदलणाऱ्या प्रोग्रामांकडे, ज्यांना सगळे बल्क रिनेमर म्हणतात त्यांच्याकडे, मी आदराने बघते. वरून पाहिलं तर काम किरकोळ वाटतं. जुनं नाव पुसायचं, नवं लिहायचं. पण समजा तुमच्याकडे ००१ ते ३६५ अशा फाइली आहेत आणि प्रत्येकीचा आकडा एकाने वाढवायचा आहे. ००१ ला ००२ म्हणायला गेलात, तर ००२ आधीच हजर आहे. मग एक तर शेवटून सुरुवात करायची, नाहीतर सगळ्यांना तात्पुरती वेगळी नावं देऊन मग खरी द्यायची. चांगला रिनेमर हे न सांगता करतो. वाईट रिनेमर, किंवा घाईत लिहिलेली एखादी ओळ, एकावर एक फाइल बसवते. विंडोजची जुनी ‘रेन’ आज्ञा निदान नकार देते, म्हणते या नावाची फाइल आहे. युनिक्सची ‘एमव्ही’ आज्ञा मात्र विचारायला सांगितलं नसेल, तर खालची फाइल पुसून वरची ठेवते आणि काही बोलत नाही. शंभर पानांना चुकून एकच नाव दिलंत तर शेवटी एकच पान उरतं. म्हणून जाणकार माणूस आधी ‘प्रीव्ह्यू’ बघतो. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. निदान पहिल्या दहा, मधल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी डोळ्यांखालून घालतो, आणि प्रोग्राम ‘अनडू’ देतो का हे आधी पाहतो.

मराठीत नावं द्यायची म्हटलं की आणखी एक खड्डा आहे. रोजनिशीत काही पानांवर आईचं अक्षर होतं. वडील आजारी असताना त्यांनी सांगितलेलं ती लिहून घेत असे. त्या पानांच्या नावात मी ‘दुसऱ्या हातचं’ असं जोडलं होतं. पुढे शोधायला गेले तर निम्मीच पानं सापडली. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात टिंबवाला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काही नावं मी फोनवरून लिहिली होती, काही कीबोर्डवरून. आपल्या भाषेत फाइलींना नावं देणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासून पाहावं, असं मी कळकळीने सांगेन.

एवढं सगळं झाल्यावर मी थकले होते. धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, मला दे. तू एक एक्सेल कर, जुनं नाव, नवं नाव. यादीवरून नावं बदलणारे प्रोग्राम असतात. एका संध्याकाळचं काम आहे.” मी यादी केली. फाइलींची प्रत त्याला दिली आणि माझी डिस्क काढून कपाटात ठेवली. आणि त्याला म्हटलं, जरा लवकर कर. ते वाक्य मी विसरलेले नाही.

त्याने एक विकतचा प्रोग्राम उतरवला. त्याची चाचणी आवृत्ती एका वेळी मोजक्याच फाइली घ्यायची. भावाकडे होत्या ९,४९७. त्याने शोधलं आणि त्याच प्रोग्रामची ‘फुल व्हर्जन’ म्हणवणारी चोरटी प्रत त्याला मिळाली. सोबत सूचना होत्या. झिप उघडायला अमुक पासवर्ड. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून हरकत घेतो.

त्या दोन सूचनांचा अर्थ आता मला नीट माहीत आहे. झिपला पासवर्ड लावला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. पासवर्ड शेजारीच लिहून दिलेला असतो, म्हणजे तो तुमच्यापासून काही लपवण्यासाठी नसतोच. तो तुमच्या राखणदारापासून लपवण्यासाठी असतो. आणि ‘चुकून हरकत घेतो’ हे वाक्य इतकं सराईत झालं आहे, की ते वाचताना कुणी थबकत नाही. खऱ्या प्रोग्रामवर बहुतेक वेळा बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. त्यातला एक बाइट बदलला तरी ती सही जुळत नाही. क्रॅक म्हणजे मुळात प्रोग्राम बदलणं. म्हणून क्रॅक केलेली फाइल आपण काय आहोत हे कधीच सिद्ध करू शकत नाही. त्यात फक्त परवान्याची तपासणी काढून टाकली आहे की आणखी काही घातलं आहे, हे ज्याने बदललं त्यालाच ठाऊक.

मी नंतर त्याला विचारलं, का रे? तो म्हणाला, “एकदाच तर वापरायचा होता, ताई.”

मला वाटतं, रिनेमरच्या बाबतीत हेच सगळ्यांचं होतं. लिहिण्याचा किंवा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम आपण रोज उघडतो, त्याच्यासाठी पैसे मोजायला मन तयार होतं. नावं बदलायचं काम वर्षातून एखाद्या संध्याकाळी निघतं. एका संध्याकाळसाठी कोण परवाना घेणार? पण ती संध्याकाळ कशासाठी असते? ज्या फाइली आपल्याला आयुष्यभर जपायच्या आहेत, त्यांच्यासाठीच. टाकाऊ फाइलींना कुणी नावं देत बसत नाही. आपण चालवलेल्या कुठल्याही प्रोग्रामला आपल्या फाइलींवर आपल्याइतकाच हक्क मिळतो, हे खरं. पण रिनेमरला आपण स्वतः हाताला धरून घरातल्या सर्वांत मौल्यवान खोलीत नेतो. त्याने क्षणात हजारो फाइली बदलणं हे आपल्याला अपेक्षितच असतं, म्हणून काही वावगं दिसत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून फोल्डरांवर पहारा ठेवायची सोय आहे. ती चालू केलेली असेल, तर अनोळखी प्रोग्राम फाइली बदलू लागला की अडवते. पण तुम्हीच रिनेमर आणला असेल तर तुम्ही ‘असू दे, परवानगी आहे’ असंच म्हणणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

त्या रात्री भावाच्या पडद्यावर विंडोजच्या अपडेटची खिडकी आली. टक्के हळूहळू वाढत होते. तो संगणक तसाच चालू ठेवून झोपला. सकाळी मला फोन आला. “ताई, सगळ्या फाइलींच्या नावामागे काहीतरी चिकटलंय.”

ती खिडकी खोटी होती. तिच्या आड स्टॉप-डीजेव्हीयू या कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, काम करत होता. हे कूळ मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (परवान्याचे खोटे क्रमांक बनवणारे प्रोग्राम) यांच्या पाठीवर बसूनच पसरलं. त्याने प्रत्येक फाइल कुलूपबंद केली आणि प्रत्येकीच्या नावाला चार अक्षरांचं नवं शेपूट जोडलं. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी ठेवली. ९८० डॉलर द्या. ७२ तासांत संपर्क साधलात तर निम्मे, ४९०. त्या एका रात्रीत भावाच्या संगणकावर जेवढ्या फाइलींची नावं बदलली, तेवढी मी माझ्या सात महिन्यांत बदलली नव्हती.

भावाने पहिली गोष्ट काय केली असेल? ती शेपटं काढून टाकली. सगळ्यांची एकदम, त्याच प्रोग्रामने. क्षणात सगळी नावं पूर्वीसारखी झाली आणि एकही फाइल उघडेना. फाइलीचं नाव फाइलीच्या आत नसतं. ते फोल्डरच्या यादीत असतं आणि मजकूर डिस्कवर दुसरीकडे. म्हणून तर हजारो नावं काही सेकंदांत बदलता येतात. मजकुराला हात लागतच नाही. चांगल्या दिवसांत ज्याचा आधार वाटायचा, ती गोष्ट त्या सकाळी अशी समोर उभी राहिली.

एमसिसॉफ्ट या कंपनीने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये या कुळातल्या १४८ प्रकारांसाठी फुकट सोडवणूक दिली होती. आम्ही ती लावून पाहिली. पुढच्या प्रकारांचा प्रश्न असा, की कुलूप घालताना संगणक इंटरनेटला जोडलेला होता की नव्हता. जोडलेला नसेल तर हा रॅन्समवेअर आपल्याजवळची ठरलेली किल्ली वापरतो आणि ती किल्ली कधी ना कधी हाती लागू शकते. जोडलेला असेल तर प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली मागवून घेतो. चिठ्ठीतल्या क्रमांकाच्या शेवटच्या दोन खुणांवरून ते ओळखता येतं. भावाचं इंटरनेट रात्रभर चालू होतं. पैसे आम्ही दिले नाहीत. पैसे देऊन किल्ली येईलच, असं वचन देणारा माणूस कोण होता?

या कुळाबरोबर पुष्कळदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. ब्राउझरने जपलेले पासवर्ड तर तो नेतोच, शिवाय तुम्ही लॉग-इन आहात हे सांगणाऱ्या कुकीही नेतो. त्यामुळे फोनवर येणारा ओटीपीसुद्धा त्याला लागत नाही. म्हणून भावाने त्या संगणकाला हात न लावता दुसऱ्या यंत्रावरून सगळे पासवर्ड बदलले, सगळीकडचं लॉग-इन बंद केलं. मग संगणक पूर्ण पुसला. पुसण्याआधी कुलूपबंद फाइलींची एक प्रत बाजूला ठेवली.

वडिलांच्या रोजनिशा वाचल्या. माझी डिस्क कपाटात होती, कुठल्याही वायरला जोडलेली नव्हती. पुढे मी ती नावं स्वतःच बदलली. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘रेन’ लिहिलं, तो गठ्ठा बॅच फाइल म्हणून जतन केला आणि आधी एका वर्षाच्या प्रतीवर चालवून पाहिला. फुकटचे आणि सरळ मार्गाचे प्रोग्राम किती आहेत, हे तेव्हा नीट पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये पॉवररिनेम आहे. मॅकच्या फाइंडरमध्ये २०१४ पासून ही सोय आत बसवलेलीच आहे. अँट रिनेमरचा तर कोडही खुला आहे. फोटोंना त्यांच्या आत नोंदलेल्या तारखेवरून नाव द्यायचं असेल, तर फिल हार्वे यांचा एक्झिफटूल २००३ पासून फुकट मिळतो आहे. विकतचे प्रोग्रामही आहेत आणि त्यांचे पैसे योग्य आहेत. एका आकड्याने सरकवण्याची ती अडचण आधीच ओळखून, माझी पानं एकावर एक बसणार नाहीत याची काळजी कुणीतरी वाहिलेली असते. त्या माणसाचे पैसे बुडवून त्याच्याच प्रोग्रामच्या नावाखाली भलत्याला घरात घेणं, हे मला आता सहन होत नाही.

वाचलं नाही ते भावाचं स्वतःचं. मुलगी झाली तेव्हापासून तो एका छोट्या व्हॉइस रेकॉर्डरवर तिचे आवाज साठवत असे. फोटो फोनवर होते, इतरांकडे होते, ते परत मिळाले. आवाज फक्त त्या संगणकावर आणि त्याला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर. जोडलेली डिस्कही त्या रात्री गेली. तिसरी प्रत माझ्याकडे असणार होती. ती माझ्या दुसऱ्या संगणकावर, ज्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालतं, चढेना, कारण भाऊ नावं देत नसे, वाक्यं लिहीत असे. आधी तारीख, मग: ‘पहिल्यांदा स्पष्ट आजोबा म्हणाली, मी परत म्हण म्हटलं तर उशीत तोंड लपवून बसली आणि मग हळूच हसायला लागली’. विंडोज नावाची लांबी अक्षरखुणांत मोजतो, २५५ पर्यंत. लिनक्समध्ये ती बाइटमध्ये मोजली जाते, तीही २५५, आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना आणि मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. म्हणजे पंच्याऐंशी खुणांत नाव संपायला हवं. “नावं छोटी करून देतो,” तो म्हणाला होता. मनावर येत नव्हतं त्याच्या, आणि मला ते समजत होतं.

काही परत आलं. हा रॅन्समवेअर घाईत असतो. मोठ्या फाइलीचे पहिले सुमारे १५० किलोबाइट तेवढे कुलूपबंद करतो आणि पुढे जातो. एमपी३ फाइल छोट्या छोट्या तुकड्यांची असते. एकेक तुकडा साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा आणि बराचसा आपापल्या पायावर उभा. म्हणून सुरुवात नासली तरी पुढचं वाजतं. भावाच्या रेकॉर्डरच्या हिशेबाने १५० किलोबाइट म्हणजे साधारण साडेनऊ सेकंद. त्याहून लांब असलेली प्रत्येक ध्वनिफीत आज साडेनवव्या सेकंदापासून सुरू होते. त्याहून छोटी एकही उरली नाही. ‘पहिल्यांदा स्पष्ट आजोबा म्हणाली’ आठ सेकंदांची होती.

ती फाइल त्याने पुसलेली नाही. यादीत ती तिच्या जागी आहे, तारीख आणि अख्खं वाक्य घेऊन.

परवा आम्ही दोघं बसून उरलेल्या ध्वनिफितींना नवी, छोटी नावं देत होतो. माझ्या डिस्कवर चढतील अशी. जुनं वाक्य त्याने एका वेगळ्या मजकूर फाइलीत उतरवून ठेवलं, प्रत्येकाचं. एक एक लावून बघत होतो. पाच वर्षांची भाची, गोष्ट सांगते आहे, आणि गोष्ट मधूनच सुरू होते, कोल्हा आधीच विहिरीत पडलेला आहे. भाऊ प्ले दाबायचा आणि आवाज येण्याआधी मान खाली घालून काहीतरी पुटपुटायचा. दोन-तीनदा झालं तेव्हा मी विचारलं, काय म्हणतोस?

“सुरुवात,” तो म्हणाला. “दर वेळी आधी तेच विचारायची ती. ‘बाबा, झालं का सुरू? लाल दिवा लागला का?’”

त्याने पुढची फीत लावली.